पूजा झालेल्या मशीनला हात लावत नाहीत

सिंदी (रेल्वे)
२६ जून २०२५

धनंजयभाऊजी,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहावा लागतो, म्हणून लिहिला आहे. तो पत्राचा आहे, माझा नाही.

तुम्ही माझा नंबर बंद करून ठेवला आहे. लाइनीवरच्या अश्वजितचाही केला, वॉचमन रूपरावकाकांचाही केला. फक्त वर्षालीताईचा चालू आहे, कारण बायकोचा नंबर बंद केला तर लोक विचारतात. पत्र बंद करता येत नाही, पोस्टमन ते दारात टाकून जातो. म्हणून हे लिहितो आहे. आधी कच्चे लिहिले, वाचून पाहिले, मग पक्के केले. खाडाखोड दिसणार नाही. राग दिसेल.

काल तुम्ही ताईला फोन केला तेव्हा ती तुरीची डाळ निवडत होती. फोन ठेवल्यावर ताटावरून मान वर न करता तिने मला सांगितले, "ते म्हनतात, कैलासले सांग, गेटवरच्या लोकाईले समजाव म्हना. भट्टी तेवढी जाऊ द्या. मंग त्याले मी इथं होसूरले कामाले लावून देतो."

"अन् तू काय म्हनलं?"

"म्या म्हनलं, सांगीन."

तिने सांगितले. माझे उत्तर नाही असे आहे.

भट्टी कंपनीला का हवी आहे, हे आता इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत झाले आहे. वीजमीटरच्या बोर्डावरच्या सुट्या भागांचे सगळे पाय एकदम वितळलेल्या कथिलावरून नेऊन जोडणारी ती मशीन. नवी मागवायची तर परदेशातून यायला फार दिवस लागतात, आणि तिकडे तमिळनाडूत होसूरच्या नव्या लाइनीत तिच्यासाठी जागा मोकळी सोडून ठेवली आहे, हे तुम्हीच ताईशी बोलता बोलता बोलून गेलात. भट्टी इथल्या कारखान्यात आहे तोवर कंपनीला आमच्याशी बोलावे लागेल. कामगार कार्यालयात तारखा तरी पडतात. भट्टी गेली की आम्ही म्हणजे सेलू रस्त्यावर सतरंजी टाकून बसलेली रिकामी माणसे.

तुम्ही ताईला असेही म्हणालात की झाले गेले विसरून जा. मी विसरत नाही. याच स्वभावासाठी तुम्ही, लाइनीचे सुपरवायझर, मला तपासणीच्या टेबलावर बसवले होते. बारावीत थांबलेल्या पोराला भिंगाच्या दिव्याखाली खुर्ची दिलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "याच्या नजरेतून मुंगी सुटत नाई." खंडेनवमीच्या दिवशी मुंगी नव्हती भाऊजी, हत्ती होता, आणि तो मी माझ्या हाताने घासून पुसून दिला.

तुम्हाला आठवत नसेल तर मी लिहितो. दर वर्षी खंडेनवमीला आपण मेन स्विच बंद करायचो, मशीन वरून पुसायची, कुंकू, झेंडूची माळ, नारळ, पेढा, आणि घरी. पूजा झालेल्या मशीनला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. ही रीत कंपनीने काढलेली नव्हती, आपण आपल्या घरून नेली होती. घरी वखराला, विळ्याला, आईच्या शिलाई मशीनला जशी, तशीच तिथे. मागच्या वर्षी तुम्ही म्हणालात, "यंदा मनापासून करू. वरवर पुसनं बंद. कव्हरं काढा, वायरी सोडा, आतून घासा."

अश्वजित पूजेला हात जोडत नाही, पण मशीन त्यानेही घासली. त्यानेच तेवढे विचारले होते. "भाऊ, पूजेले वायरी काऊन सोडा लागते? तुमचा देव काय प्लगमंधून येते?"

सगळे हसले. तुम्हीही हसलात. "तू आपला नागपूरले जा बावा," म्हणालात. दसऱ्याला तो, त्याची बायको मेघा आणि त्यांचे सगळे घर दीक्षाभूमीवर जाणार, हे तुम्हाला माहीत होते. बाकीचे आम्ही घरोघरी सोने वाटत फिरणार, हेही माहीत होते. गेटवरच्या रूपरावकाकांना तुम्ही स्वतः म्हणालात, "काका, सनासुदीले कायले बसता? नातवाईत जा." म्हातारा तुम्हाला आशीर्वाद देत घरी गेला.

मी तर आणखी पुढे गेलो. परत जोडताना घोळ नको म्हणून सोडलेल्या प्रत्येक वायरीला चिठ्ठी चिकटवली. नीट अक्षरात, मराठी आकड्यांत. ते पाहून तुम्ही चिडलात. "इंग्रजीत लिवता येत नाई का तुले?" मला वाटले, साहेबांना घाबरता. होसूरला मराठी आकडे कोण वाचणार, ही तुमची काळजी होती, हे मला दसऱ्यानंतरच्या सोमवारी कळले.

मग तुम्ही आणि ताई जोडीने पूजेला बसलात. आरतीचे ताट ताईचे, आईने लग्नात दिलेले. तुम्ही एकेका मशीनला ओवाळत लाइनभर फिरलात. शेवटी माझ्या भिंगाच्या दिव्यालाही ओवाळलेत. मला तेव्हा बरे वाटले होते. कच्च्यात हे खोडले होते, पक्क्यात पुन्हा लिहिले.

सोमवारी आलो तर हॉल रिकामा. फरशीवर मशीनच्या पायांचे चौकोन आणि त्यांच्यात तुडवलेली झेंडूची फुले. एका कोपऱ्यात भट्टी. तिच्या पोटातले कथिल थंड होऊन दगड झाले होते, क्रेनचा पट्टा तिच्यावरून घसरला होता, म्हणून ती राहिली. तिच्या गळ्यातली माळ तशीच होती.

त्या दिवसापासून आम्ही गेटवर आहोत. तुम्ही होसूरला. "सहा महिन्यासाठी जाऊन राह्यलो," असे ताईला सांगून गेलात.

कैलास
(तुमच्या बायकोचा भाऊ. बाकी नाते सध्या नको.)



सिंदी (रेल्वे)
१९ जुलै २०२५

धनंजयभाऊजी,

पत्र मिळाल्याचे तुम्ही कळवलेत, पण पत्राने नाही. ताईच्या फोनवर माझ्यासाठी तुमचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. आईने तो चुलीपाशी ऐकला, ताईने दारात उभे राहून ऐकला. मी तो पुन्हा पुन्हा लावून ऐकला, कारण माझा विश्वास बसत नव्हता की तुम्ही इतक्या शांतपणे बोलू शकता.

"कैलास, मी बी नोकर मानूस हाये. वरून सांगतलं ते केलं. म्या नसतं केलं तं दुसऱ्यानं केलं असतं. तू माह्या जागी असता तं काय केलं असतं, सांग."

मी काय केले असते, मला माहीत नाही. हे खरे उत्तर आहे. कदाचित मीही वायरी सोडायला सांगितल्या असत्या. पण मी आरती केली नसती. नोकरीत आरती येत नव्हती, भाऊजी. ती तुम्ही वरून टाकलीत. साहेबांना खंडेनवमी काय माहीत? ते कुठले, त्यांचे सण कुठले. पूजेनंतर आपली माणसे मशीनजवळ फिरकणार नाहीत, हे त्यांना कुणी सांगितले? वरून खाली आलेले हुकूम मला समजतात. हा खालून वर गेला होता.

आई म्हणते, "जवाई हाये तो आपला. एवढं तोडून लिवू नको." मी तिला विचारले, मग काय लिहू? ती म्हणाली, "खुशाली लिव."

खुशाली अशी आहे. अश्वजित सकाळी सिंदीच्या बाजार समितीत धान्याच्या जुन्या गोण्या झाडतो आणि दुपारी गेटवर येतो. मेघा शेजारच्या शेतात निंदायला जाते. रूपरावकाका गेटवरच राहतात. त्यांना कुणी पगार देत नाही, पण ते शिट्टी अजून गळ्यात घालतात, आणि आमच्यापैकी कुणी आत डोकावले तर आम्हालाच ओरडतात. मी पॅसेंजरने वर्ध्याला जातो. तिथल्या पिपरी (मेघे) भागात एका मोबाइलच्या दुकानात फुटलेल्या काचा बदलतो. मालक म्हणतो, लवकर कर. मला लवकर येत नाही. गिऱ्हाईक गेल्यावर तो म्हणतो, "तुले पाह्यलं का मले झोप येते." तुम्ही असे कधी म्हणाला नव्हतात, हे मला नाइलाजाने लिहावे लागते.

ताईची खुशाली आईने लिहू नको म्हटले आहे, म्हणून लिहितो. पिठाच्या गिरणीवर ती गेली की बाया बोलायच्या थांबतात. तिने काही केले नाही, फक्त तुमच्या शेजारी पाटावर बसली होती. पण लोकांना तुम्ही सापडत नाही, ती सापडते. पावसाळा लागल्यापासून ती गेटवर येऊ लागली. पहिल्या दिवशी कुणी सरकून जागा दिली नाही. लाइनीवरची एक बाई मोठ्याने म्हणाली, "या, आरतीवाल्या बाई आल्या. प्रसाद आनला का?"

ताई उभीच होती. म्हणाली, "ताट माहंच होतं. अजून फेकलं नाई म्या."

मग मेघाने आपले पोते अर्धे मोकळे केले. "बस इथं. तोंडाले लागू नको कोनाच्या." तेव्हापासून ती तिथेच बसते. ती दिवसभर काय विचार करते, मला माहीत नाही. तुमच्याशी फोनवर बोलताना ती अजूनही पदर डोक्यावर घेते, हे मात्र मी पाहिले आहे. तुम्ही तिला तिकडे बोलावता आहात हेही मला माहीत आहे. तिची पेटी भिंतीपाशी आहे. ती उघडीही नाही आणि बांधलेलीही नाही.

एक गोष्ट सहज विचारतो. तिकडे जेवायला काय मिळते? रोज भातच असतो का? राहायला खोली कितीजणांत असते आणि दार आतून लावता येते का? तपासणीच्या टेबलावर कोण बसते? ही चौकशी समजू नका. मेघाचा भाऊ विचारत होता.

भट्टीबद्दल माझे उत्तर आहे तेच आहे.

कैलास



सिंदी (रेल्वे)
१२ ऑगस्ट २०२५

ती. धनंजयभाऊजी यांना कैलासचा नमस्कार.

या वेळी नमस्कार मनापासून लिहिला आहे. मागच्या दोन पत्रांत मी लहान तोंडी मोठा घास घेतला, त्याबद्दल राग मानू नये. आईने समजावले, ताईनेही समजावले. तुम्ही घरचे माणूस आहात. शेवटी आपल्या माणसाचे आपणच ऐकायचे.

तुम्ही ताईला विचारलेत की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गेटवर कोण असेल. कोण असणार? सिंदीचा तान्हा पोळा तुम्हाला नव्याने सांगायला नको. घराघरातून लाकडी बैल निघतात, सगळे गाव बाजारात लोटते. ज्याच्या घरी लहान मूल नाही तोही दुसऱ्याच्या मुलाचा बैल ओढतो. दुपारी गेटवर चिटपाखरू नसेल. रूपरावकाकांना मी घरी पाठवतो. नातवाचा बैल सजवायचा आहे म्हटले की ते लगेच ऐकतात. अश्वजितचा तो सण नाही, पण त्याची मुलगी बैलासाठी हट्ट धरून बसली आहे, तोही तिला घेऊन बाजारात असेल. गेटवर मी एकटा बसतो असे मी सगळ्यांना सांगितले आहे. कुणाला संशय आला नाही. माझ्यावर कुणाला संशय येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

या वेळी मोठी क्रेन आणावी. ट्रेलर सेलू रस्त्याने न आणता मागच्या वळणाने आणावा. भट्टीच्या वायरींवरच्या चिठ्ठ्या तशाच आहेत, पावसाने ओल आली होती, पण अक्षर पुसलेले नाही.

तुम्ही स्वतः येणार हे ऐकून आईला बरे वाटले. ती तुमच्यासाठी पुरण टाकणार आहे. पोळ्याच्या पुरणात तुमच्या वाट्याची पोळी काढून ठेवते म्हणाली. तुम्हाला वर तूप जास्त लागते, हेही तिच्या लक्षात आहे.

होसूरच्या कामाबद्दल तुम्ही ताईजवळ जे बोललात, ते पक्के समजतो. माझे दाखले, फोटो आणि आधारची झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे. त्या भिंगाच्या दिव्याखाली बसले की मला कशाचीच भीती वाटत नसे. बाहेर काय चालले आहे, घरी काय होईल, काही मनात येत नसे. समोर एक बोर्ड, त्यावर एकेक टाका. दुसरीकडे कुठे मला तसे होत नाही.

ताई बरी आहे. तिने तिची पेटी आवरली आहे.

आपला आज्ञाधारक,
कैलास



सिंदी (रेल्वे)
२५ ऑगस्ट २०२५

धनंजयभाऊजी,

तुम्ही गाडीची काच खाली केली नाहीत, त्यामुळे तुम्हाला सगळे ऐकू आले नसेल. दिसले मात्र असेल. जे ऐकू आले नाही ते लिहितो.

आधी मागच्या पत्राचे. ते ताईने सांगितले आणि मी लिहिले. तान्ह्या पोळ्याचे तुम्ही विचारलेत, तेव्हा तिने फोन ठेवला. मग म्हणाली, "पाह्य, पुन्हा सनच धरला त्याईनं." कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "लिव त्याईले. त्याईनं पूजा सांगतली तसंच गोड लिव. काका घरी जाईन म्हना. पुरनाचं बी लिव." आईला यातले काही सांगितले नव्हते. पुरण तिने खरेच टाकले.

त्या पत्रातले भिंगाच्या दिव्याचे जे आहे, ते ताईने सांगितलेले नव्हते. ते मीच लिहिले. वाचून दाखवताना मी तेवढे गाळले. ती प्लास्टिकची पिशवीही खरी आहे, जुलैपासून माझ्या उशाखाली आहे. तुम्ही हे वाचून खूश व्हाल, तर व्हा. तुम्हाला माझ्याकडून मिळायचे होते ते एवढेच.

आता शनिवारचे. तुमचा ट्रेलर, त्यामागे क्रेन, मागच्या वळणावर आला तेव्हा गेटच्या दोन्ही खांबांना आंब्याच्या पानांचे तोरण बांधून झाले होते. ते बाजारातून आणलेले नव्हते, रूपरावकाकांनी पहाटे उठून ओवले होते. तोरणाखाली बैलांची ओळ. सगळ्या सिंदीचे नव्हेत, तेवढे आम्हाला जमले नसते. गेटवर बसणाऱ्यांच्या घरचे होते, आणि बाजारात जाता जाता वळलेले काही होते. चाकांवरचे लाकडी बैल, कुणाचा उंबऱ्याएवढा, कुणाचा तळहाताएवढा, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. आमच्या लाइनीवरच्या एकाने बैलाच्या गळ्यात घुंगरांऐवजी जळके मीटरचे बोर्ड बांधले होते. अश्वजितने मुलीचा बैल ओळीत लावला. कुणीतरी त्याला चिडवले, "काय अश्वजितभाऊ, आता पोळा बी कराले लागले?"

"सन तुमचा हाये," तो म्हणाला, "गेट सगळ्याईचं हाये."

तुमच्याबरोबरचा तो निळ्या शर्टाचा माणूस उतरून आला आणि हिंदीत म्हणाला, रास्ता खाली करो. रूपरावकाकांनी शिट्टी वाजवली. आतापर्यंत त्यांनी ती आमच्यावरच वाजवली होती. म्हणाले, "साहेब, पोळा फुटल्याशिवाय, बैलाईची ओळ सुटल्याशिवाय, तोरनाखालून कोनी जात नाई. मानूस नाई, बैल नाई, ट्रेलर बी नाई."

"कब फूटेगा?"

"मानाचा बैल आला का फुटते."

"तो कब आएगा?"

"आमचा मानाचा बैल होसूरले गेला हाये. त्याची वाट पाहून राह्यलो."

सगळे हसले ते याच्यावर. तुम्हाला हसताना दिसलो असू, कारण कळले नसेल. मग झडत्या सुरू झाल्या. पोळ्यात बैलापुढे एकमेकांना टोमणे मारत म्हणायची ती रीत तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे, तुम्ही आर्वीकडच्या रोहण्याचे, तुमच्याच गावाकडे त्या जोरात होतात. मेघाने कधी झडती म्हटली नव्हती. ती पुढे आली आणि गाडीकडे तोंड करून म्हणाली,

"मशीन घासली चकपक, वाहलं झेंडूचं फूल,
जवायानं ओवाळली आरती, अन् इझली गावची चूल."

हर हर महादेव आम्ही सगळ्यांनी म्हटले. तेव्हा तुम्ही मान खाली घातलीत. मोबाइलमध्ये काही पाहत असाल.

निळ्या शर्टाने ड्रायव्हरला खूण केली, पुढे घे. ड्रायव्हरने इंजिन वाढवले, पण चाक हलवले नाही. समोर मुले होती. मी दोन मुलांचे दंड धरून मागे ओढले आणि बैल तिथेच राहिले.

त्याच वेळी ताई निघाली.

तिच्या हातात ते ताट होते. तेच. कुंकू, निरांजन, झेंडू, सुपारी. तिने ओळ ओलांडली नाही, बाजूने गेली. तुमच्या गाडीजवळून गेली. मला वाटले, ती थांबेल. तुम्हालाही वाटले असेल, कारण तुमचा हात काचेच्या बटणाकडे गेला, तो मी पाहिला. ती थांबली नाही. सरळ ट्रेलरपुढे गेली, टाचा उंचावून बॉनेटला कुंकू लावले, माळ अडकवली, ओवाळले. मग ताट खाली धरून ड्रायव्हरला म्हणाली,

"दादा, पूजा झाली. आता गाडीले हात लावाचा नाई."

तिला हिंदी येते, पण ती मराठीतच बोलली. ड्रायव्हर बिहारचा, नाव त्याने नंतर सांगितले, इथे लिहीत नाही, उगाच त्याला त्रास नको. त्याने बॉनेटवरच्या कुंकवाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, समोरच्या बैलांकडे पाहिले. आणि इंजिन बंद केले. निळ्या शर्टाने त्याला शिवी दिली. तो खाली उतरला, हात जोडून कुंकवाला डोक्याने शिवला आणि म्हणाला, "साहब, विश्वकर्मा पूजा में हम लोग भी नहीं छूते. पूजा हो गई तो हो गई. आप चला लीजिए."

ड्रायव्हरने किल्ली निळ्या शर्टापुढे धरली. त्याने ती घेतली नाही. तुमच्याकडे पाहिले. तुम्हाला ट्रेलर चालवता येत नाही, पण प्रश्न तो नव्हता. ही रीत तुम्हीच त्यांना शिकवली होती. ती खोटी आहे असे तुम्ही त्या वेळी सगळ्यांसमोर कसे म्हणणार होतात?

तुमची गाडी आणि तिच्यामागे क्रेन वळली तेव्हा ताईने मागे पाहिले नाही. ती ताटातली निरांजनाची वात बोटाने पुढे सारत होती.

घरी आल्यावर मी तिला विचारले, "तू काचेजवळ थांबली काऊन नाई? काई तं बोलाचं होतं."

"बोलली तं."

"कोनाशी? तो तं ड्रायव्हर होता."

ती म्हणाली, "तुह्या भाऊजीलेच बोलली मी." आणि पेटी उघडून तिच्या साड्या परत दांडीवर टाकू लागली. तुमचे दोन शर्ट त्यात होते. ते तिने घडी करून वेगळे ठेवले आहेत. न्यायला कुणाला पाठवू नका. चालत यायचे असेल तर गेटवरून यावे लागेल, असे तिने कळवायला सांगितले आहे. गेटवर आल्यावर काय होईल, ते तिने सांगितले नाही.

काल रविवार असूनही कामगार कार्यालयातल्या साहेबांचा अश्वजितला फोन आला. कंपनी बोलायला तयार आहे, या वेळी मोठा माणूस येणार आहे म्हणे. असे आधीही सांगितलेले आहे, म्हणून मी त्यावर काही लिहीत नाही. पिशवी अजून उशाखालीच आहे. ती मी काढावी की नाही, हे मला ठरवता येत नाही, पण ती घेऊन मी तुमच्याकडे येणार नाही, एवढे ठरले आहे.

तोरण बांधलेलेच आहे. पाने सुकली आहेत. रूपरावकाका त्याखालून कुणाला जाऊ देत नाहीत, आम्ही बाजूच्या फटीतून ये-जा करतो. ट्रेलर वळणावर उभा आहे. कंपनीने दुसरा ड्रायव्हर पाठवतो म्हणून सांगितले, तो अजून आलेला नाही. पहिला आमच्याबरोबर सतरंजीवर झोपतो आणि सकाळी उठून बॉनेटवरच्या माळेवर पाणी शिंपडतो.

आईने शनिवारी रात्रीपर्यंत तुमच्या वाट्याची पोळी झाकून ठेवली होती. तुम्ही येणार नाही हे तिला मी सांगितले. तिने वर तूप घातले आणि डबा माझ्या हातात दिला. ती त्या ड्रायव्हरने खाल्ली. आणखी आहे का म्हणून विचारत होता.

कैलास